पदवी आणि पाना-पक्कड

वर्ध्याचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. अशा ऐन उन्हाळ्यात, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरची विहिरीवरची मोटार जळाली. मी नेमका त्याच दिवशी सकाळी पाहुणा म्हणून तिच्याकडे दाखल झालो होतो. आंघोळीला पाणी नाही हे ऐकून पाहुण्याने जेवढे शहाणपण दाखवायचे तेवढे मी दाखवले, आणि ताईने आतल्या खोलीकडे पाहून हाक मारली, "अरे, जरा बघतोस का मोटारीला काय झालंय ते?"

भाचा आला. वय वर्षे २७. शिक्षण बी.एस्सी., विषय पदार्थविज्ञान, श्रेणी पहिली. पदवी घेतल्यापासून सहा वर्षे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास चालू. त्याने मोटारीभोवती एक प्रदक्षिणा घातली, वाकून वास घेतला आणि म्हणाला, "मामा, वाइंडिंग जळलंय." निदान अगदी अचूक होते. उपचाराचा प्रश्न निघाला तेव्हा मात्र तो म्हणाला, "मिस्त्रीला बोलवावं लागेल."

मिस्त्री आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. उशीर का झाला असे विचारायचा अवकाश, त्याने आपली कहाणी सुरू केली. "काम लय हाये जी, पन पोट्टे भेटत नाही. येते, आठ दिवस बसते, मोबाईल पायते अन् पळून जाते." मोटार सायकलीच्या कॅरिअरवर बांधून तो निघाला. ताईने आम्हा दोघांनाही त्याच्यामागे पिटाळले. मोटार कधी मिळणार ते पक्के करून आल्याशिवाय घरात पाऊल ठेवायचे नाही, असा हुकूम होता.

दुकान म्हणजे कडुनिंबाच्या सावलीतली एक पत्र्याची खोली. बाहेर सात-आठ मोटारी रांगेने पडलेल्या. मिस्त्रीने आमची मोटार उघडली, जळून काळी झालेली एक कॉइल सोडवली आणि तिचे वेढे एकेक करून मोजायला बसला. मोजणी झाली की पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आकडा, तारेचा गेज, कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत तार गेली आहे त्याची खूण. मी कौतुकाने विचारले, "एवढं काटेकोर मोजावं लागतं?"

"लागते ना. दहा-वीस वेढे कमी बसले तं मोटार गरम होते. महिन्याभरात परत जळते."

"का बरं?"

"का ते मले नाही मालूम. वस्तादानं सांगितलं होतं. अन् एकदा मी सोता जाळून पायली."

इथे माझा भाचा, जो एरवी चार माणसांत तोंड उघडत नाही, पुढे सरला. वेढे कमी झाले म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला लोखंडात चुंबकत्व वाढवावे लागते, लोखंडात ते एका मर्यादेपलीकडे मावत नाही, मग मोटार भरमसाट करंट ओढते आणि तापते, असे त्याने त्या पुठ्ठ्याच्या दुसऱ्या बाजूवर आकृती काढून सांगितले. मिस्त्रीचे हात थांबले. शेजारी तार गुंडाळणारा पोरगाही ऐकू लागला. सगळे ऐकून झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "हे मले आजवर कोनी सांगितलं नाही. मंग भाऊ, एक सांगा. खेड्यावर व्होल्टेज लय कमी राहते. तिथल्या मोटारीले आमी वेढे थोडे कमीच भरतो. ते बरोबर हाये का चूक?"

भाच्याला उत्तर देता आले नाही. तो पेन घेऊन खाली बसला. पंधरा वर्षे मोटारी भरणाऱ्या माणसाला 'का' ठाऊक नव्हते, आणि पंधरा वर्षे शाळा-कॉलेजात काढलेल्याला 'कसे' ठाऊक नव्हते. दोघे एका पुठ्ठ्यावर डोके घालून बसलेले मी पाहत होतो, आणि खरे सांगायचे तर मला थोडे अपराध्यासारखे वाटत होते.

कारण असे की, अकरा वर्षांपूर्वी, दहावीचा निकाल लागला त्या वर्षी, ह्या मुलाचे नाव आयटीआयच्या यादीत लागले होते. व्यवसाय इलेक्ट्रिशियन, मुदत दोन वर्षे. मुलाला हौस होती. घरातले इस्त्री, पंखे तो उघडून बसत असे. ताईने मला फोन करून सल्ला विचारला. मी म्हटले, "मार्क चांगले आहेत, सायन्सला घाल. आयटीआय आपल्या घरात कोणी केलंय?" एवढे एकच वाक्य. बोलायला मला काही क्षण लागले असतील.

अशी वाक्ये त्या वर्षी किती घरांत बोलली गेली असतील कोण जाणे. त्यांची फळे मात्र मोजली गेली आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दिल्लीच्या एका संस्थेबरोबर २०२४ साली भारतातील रोजगारावर एक अहवाल काढला. त्यात २०२२ सालचे आकडे आहेत. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारीचे प्रमाण शेकडा ३.४, आणि पदवीधर तरुणांत शेकडा २९.१! निरक्षर गरिबाला रिकामे बसणे परवडत नाही, तो मिळेल ते काम मिळेल त्या मजुरीवर धरतो, हे त्यातले एक कारण. त्यामुळे पहिल्या आकड्यावर फार हुरळून जाण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्या आकड्याचे काय करायचे? वर्धा जिल्ह्यात २०११ च्या शिरगणतीप्रमाणे साक्षरता शेकडा ८७ च्या आसपास होती. म्हणजे शिक्षणात मागासलेला म्हणावा असा हा मुलूख नाही. कापूस आणि सोयाबीन पिकवणाऱ्या बापाने एकरभर विकून मुलाला पदवी घ्यायला लावावी आणि मुलाने ती घेऊन अभ्यासिकेत जागा धरावी, हे चित्र देवळीपासून हिंगणघाटापर्यंत कुठेही दिसते.

मोटारीला व्हार्निश लावून ते वाळायला एक दिवस जाणार होता. मधली सकाळ मोकळी होती. भाच्याला म्हटले, चल, सेवाग्रामला जाऊन येऊ. तो म्हणाला, "मामा, शाळेच्या सहलीत तीनदा पाहिलंय." तरी आला.

वर्ध्याहून सेवाग्राम जेमतेम आठ किलोमीटर. ह्या गावाचे जुने नाव शेगाव. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले, आणि त्यांची टपाले गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली म्हणून १९४० मध्ये नाव बदलावे लागले. बापूकुटी सगळेच पाहतात. तिच्या पलीकडे नई तालीमचा परिसर आहे, तिकडे सहलीतली मुले सहसा जात नाहीत. आम्ही तिकडे गेलो.

आज आपण ज्याला कौशल्यशिक्षण म्हणतो, त्याचा आपल्या देशातला सर्वांत धाडसी विचार ह्याच जिल्ह्यात झाला. १९३७ च्या ऑक्टोबरची २२ आणि २३ तारीख. वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयाचा रौप्यमहोत्सव होता, त्या निमित्ताने शिक्षणपरिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. प्रांताप्रांतांत नुकतीच काँग्रेसची मंत्रिमंडळे आलेली, त्यांचे शिक्षणमंत्री हजर. गांधीजींचे म्हणणे थोडक्यात असे की, मुलाला सात वर्षे मातृभाषेतून शिकवा, पण एका हस्तोद्योगाभोवती सगळे शिक्षण गुंफा. आणि शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला ते शिक्षण म्हणजे बेकारीविरुद्धचा विमा वाटला पाहिजे. विम्याची ही उपमा त्यांचीच. अभ्यासक्रम आखायला डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली. पुढे १९६७ साली राष्ट्रपती झाले तेच हे. समितीत विनोबा होते, काका कालेलकर होते, किशोरलाल मशरूवाला होते. डिसेंबरात अहवाल तयार झाला.

त्या अहवालातले वेळापत्रक मी भाच्याला सांगितले, कारण वेळापत्रक हा त्याचा जिव्हाळ्याचा विषय आहे. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यातले ३ तास २० मिनिटे उद्योगाला. मातृभाषेला ४० मिनिटे. गणित, संगीत, चित्रकला मिळून ४० मिनिटे. समाजशास्त्र आणि विज्ञानाला अर्धा तास. वर्षाला २८८ दिवस शाळा. भाच्याने तोंडी हिशेब केला: वर्षाला ९६० तास, सात वर्षांत ६,७२०. "एवढ्या तासांत मामा, माणूस काहीही शिकेल," तो म्हणाला.

पण तासांपेक्षा मोठी गोष्ट होती 'समवाय'. सूत कातता कातता कापसाचा भूगोल, तारेच्या लांबीतून गणित, चातीच्या फिरण्यातून पदार्थविज्ञान. हाताला कसब आणि डोक्याला कारण एकाच वेळी मिळावे, असा तो बेत होता. आदल्या दिवशी कडुनिंबाखाली पुठ्ठ्यावर जे घडले, तेच शाळेत रोज घडावे असे त्या मंडळींना वाटत होते. आर्यनायकम् आणि आशादेवी ह्या जोडप्याने सेवाग्रामला ते वर्षानुवर्षे घडवूनही दाखवले.

मग बिनसले कुठे?

त्या परिषदेतच प्रा. के. टी. शहांनी शंका काढली होती की, शाळेतला माल बाजारात आला तर धंदेवाईक कारागिरांच्या पोटावर पाय येईल. शंका रास्त होती. मुलांच्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा ह्यावर गांधीजींचा फार भर होता, आणि मला वाटते तो भर नसता तर बरे झाले असते. झाकीर हुसेन समितीने शहाणपणाने लिहून ठेवले होते की, खर्च भरून निघाला नाही तरी शिक्षण म्हणून ही योजना स्वीकारण्याजोगी आहे, आणि पैशाच्या बाजूवर जोर देण्यात धोका आहे. ते कोणी मनावर घेतले नाही. शाळा शेकड्यांनी निघाल्या. महाराष्ट्रात कितीतरी प्राथमिक शाळांच्या पाट्यांवर 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' हे नाव अजून आहे, ते त्या काळचेच. पण समवाय शिकवू शकेल असा शिक्षक हजारांनी निघत नसतो. टकळी राहिली, तिच्यामागचे गणित गेले. आमच्या पिढीला शाळेत टकळीचा तास कंटाळ्याचाच आठवतो. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने त्याला 'कार्यानुभव' असे नवे नाव दिले, आणि आपल्या मुलांनी कार्यानुभवात काय केले हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कागदाची फुले केली. आणि तीही बहुतेक आईने आदल्या रात्री बसून करून दिली.

दुसरे कारण आपल्याला जवळचे आहे. ही शाळा दुसऱ्यांच्या मुलांसाठी चांगली, असे आपण सगळेच म्हणत राहिलो. शहरातल्या शाळा जशाच्या तशा राहिल्या आणि टकळी मुख्यतः खेड्याच्या वाट्याला आली. खेडूत काही खुळा नव्हता. साहेबाचा मुलगा इंग्रजी शिकतो आणि माझ्या मुलाला सूत कातायला बसवतात, ह्यातली मेख त्याने ताबडतोब ओळखली. बापजाद्यांपासून ज्या हातांनी कातडी कमावली, मडकी घडवली, त्यांना 'हातकामाचे मोल' शिकवायला जाणे हा एक विनोदच होता. आणि ज्यांना ते खरोखर शिकायला हवे होते, ते माझ्यासारखे, दूर उभे राहून व्याख्याने देत होते. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकर चर्मालय चालवीत. कातडी कमावण्याचे काम शिकून घेऊन त्यात आयुष्य घालणारी अशी माणसे होऊन गेली, नाही असे नाही. पण ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

तिसरे कारण विनोबांनी फार लवकर ओळखले होते. नालवाडीला असताना ते दिवसाचे आठ-आठ तास सूत कातून त्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग करीत होते. प्रयोगात काय दिसले? कातणारीच्या मजुरीवर पोट भरत नाही. त्याच सुमारास, १९३५ मध्ये, कातणाऱ्यांना जगण्याइतकी मजुरी द्या म्हणून गांधीजींनी चरखा संघाच्या मागे लकडा लावला. कौशल्य शिकवायचे, त्याची स्तुतिस्तोत्रे गायची आणि दाम मात्र द्यायचा नाही, हा खेळ जुनाच आहे.

परतताना मगनवाडीवरून आलो. जमनालाल बजाजांनी दिलेली ही जागा. १९३४ च्या डिसेंबरात इथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. तो चालवला जे. सी. कुमारप्पांनी. लंडनला हिशेबतपासनिसाची परीक्षा दिलेला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस वर्ध्याला येऊन तेलघाणी, हातकागद आणि मधमाश्या ह्यांत रमला. इथे झवेरभाई पटेलांनी बैलघाणीत सुधारणा केल्या, तिला 'वर्धा घाणी' असे नावच पडले. कमी श्रमात जास्त तेल निघेल अशी ती घाणी होती. म्हणजे जुन्या कारागिराच्या हाताला शास्त्राची जोड देण्याचेच काम. मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी उघडले, ते आजही पाहण्यासारखे आहे. आवारातली पुढे निघालेली संशोधनसंस्था आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था म्हणून ओळखली जाते.

आणि वर्ध्याचे ह्या विषयाशी असलेले नाते संपलेले नाही. २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या पहिल्या वर्धापनदिनाचा देशाचा सोहळा वर्ध्यालाच झाला. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, गवंडी, शिंपी, न्हावी धरून १८ व्यवसायांसाठी ही योजना. प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे, रोजचा ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि शेकडा ५ व्याजाने कर्ज, पहिल्या खेपेला १ लाख. जो आधीच कारागीर आहे त्याला अवजारे आणि स्वस्त कर्ज मिळणे ही मोठीच गोष्ट, तिला नावे ठेवणार नाही. त्याच कार्यक्रमात राज्यातल्या महाविद्यालयांत आचार्य चाणक्य कौशल्य विकास केंद्रे उघडण्याची योजना सुरू झाली. वर्षाला दीड लाख तरुणांना शिकवण्याचा संकल्प जाहीर झाला. तोही चांगला. पण एका नवशिक्याला कामाला लावायचे तर अशा अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांत मिळणारे काहीशे तास पुरतात का? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायला जाण्याची सोय सांगितली आहे. दहा दिवस! कुठे ते ६,७२० तास, आणि कुठे हे.

जर्मनीत सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात उस्तादाच्या हाताखाली पगारावर काम करतो आणि एक-दोन दिवस शाळेत त्याच कामाचे शास्त्र शिकतो. असे तीन-साडेतीन वर्षे. तिथे ह्याला समवाय म्हणत नाहीत एवढेच. २०१५ च्या आपल्या कौशल्य धोरणात एक तुलना दिली होती: रीतसर कौशल्यशिक्षण घेतलेले कामकरी जर्मनीत शेकडा ७५, दक्षिण कोरियात ९६, आपल्याकडे ४.७. आपल्या आकड्यात माझ्या मिस्त्रीसारखे लोक धरलेले नाहीत, कारण त्यांच्याजवळ कागद नाही. आणि माझ्या भाच्याजवळ कागद आहे, पण तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपल्याकडेही १९६१ पासून शिकाऊ उमेदवारीचा कायदा आहे. आयटीआय त्याहून जुन्या. त्यांतून बाहेर पडलेल्या फिटर-वेल्डरांनी पुण्या-नाशकातले कारखाने चालवले. तरी आपल्या बोलण्यात 'काहीच जमलं नाही तर आयटीआय' हे पालुपद अजून आहेच. ज्या शाळेत मुलाला पाठवणे ही शिक्षा समजली जाते, त्या शाळेला चांगला मास्तर आणि नवी यंत्रे मिळावीत म्हणून भांडणार कोण? आमदाराकडे महाविद्यालय मागायला शिष्टमंडळे जातात. आयटीआयमध्ये सौरपंप दुरुस्तीचे शिक्षण सुरू करा म्हणून गेलेले शिष्टमंडळ निदान मी तरी पाहिलेले नाही. आणि सौरपंप तर आता गावोगाव लागत आहेत. ते बिघडतील तेव्हा दुरुस्त करायला कोण येणार, हा प्रश्न मिस्त्रीने मला आपणहून विचारला होता.

संध्याकाळी मिस्त्री मोटार घेऊन आला. जोडली, चालू केली; पाणी आले. ताईचा चेहरा खुलला. पैसे देताना तिने घासाघीस केली, तेव्हा मी मध्ये पडलो आणि म्हणाला तेवढे दिले. मिस्त्री जाताना भाच्याला म्हणाला, "भाऊ, त्या वेढ्याचं काय झालं?"

भाच्याने रात्री बसून हिशेब केला होता. कमी वेढ्यांची मोटार कमी व्होल्टेजला नीट चालेल, पण रात्री मागणी उतरून व्होल्टेज चढले की तीच मोटार जळेल, असे त्याने सांगितले. मिस्त्री क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिला. "रातच्याच जळते जी, खेड्यावरच्या," तो म्हणाला. मग सायकलीवर टांग टाकता टाकता म्हणाला, "रिकामे असान तं येत जा संध्याकाळी. माह्या पोट्ट्यायले हे सांगा. तुमाले मी भरनं शिकवतो."

तो जाऊ लागला. पहिले चार दिवस ताईने काही म्हटले नाही. पाचव्या दिवशी मी पुण्याला परत निघालो तेव्हा ती रिक्षापर्यंत सोडायला आली आणि हळू आवाजात म्हणाली, "जातो तर जाऊ दे संध्याकाळचा. पण उद्या कोणी विचारलं, मुलगा काय करतो, तर मी काय सांगू?" मला उत्तर सुचले नाही. अकरा वर्षांपूर्वी मात्र फोनवर चटकन सुचले होते.

गणपतीत तिचा फोन आला. पोराने आजवर तीन मोटारी भरल्या. पहिली जळाली, दुसरी मिस्त्रीने सगळी सोडवून पुन्हा भरायला लावली, तिसरी समुद्रपूरच्या एका शेतावर चालू आहे. परीक्षेचा अर्जही भरला आहे, तो काही सुटलेला नाही. वधूवर सूचक मंडळात ताईने नाव नोंदवले आहे. तिथल्या रकान्यात काय लिहिलेस म्हणून मी विचारले.

"बी.एस्सी. लिहिलं," ती म्हणाली. "पुढची ओळ सध्या रिकामी ठेवली आहे."